शरदातील एक सकाळ, अप्पा बळवंत चौकात

परतीचा पाऊस शेवटचा शिडकावा करून निघून जातो आणि शरद ऋतू खऱ्या अर्थाने स्थिरावतो. पहाटे किंचित गारवा, दुपारी डोळे दिपवणारे ऊन आणि रात्री धुऊन काढल्यासारखे चांदणे, असे या दिवसांचे रूप असते. चार महिने कोंदटलेली घरे उघडी होतात. गाद्या, रजया, डाळी-कडधान्ये गच्चीवर जातात. ज्या घरात पुस्तके आहेत तिथे कपाटही रिकामे होते, कारण पावसाळ्याच्या दमटपणाने पानांना वास येतो, कसर लागते, बुरशीचे करडे ठिपके उमटतात. पुस्तके झटकायची, वाऱ्यावर पसरायची, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायचा आणि दसऱ्याला त्यांतलीच चार पुस्तके पाटावर मांडून, पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेल्या सरस्वतीसमोर हात जोडायचे, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी बालपणापासून पाहिली आहे.

या आवराआवरीत घरातले आजोबा किंवा आजी हळूच जवळ येऊन बसतात. ढिगातले एक पुस्तक उचलतात. पहिल्या पानावरचे नाव, कोणी कधी भेट दिले ती तारीख, जुन्या शाईतली सही पाहतात. दोन पाने उलटतात आणि पुस्तक खाली ठेवून देतात.

वाचकहो, पुस्तक खाली का ठेवले गेले, हा प्रश्न मला एक डॉक्टर म्हणून महत्त्वाचा वाटतो. वयस्कर रुग्णाला भूक, झोप, शौच यांविषयी विचारताना मी आणखी एक प्रश्न विचारतो, ‘सध्या काय वाचता?’ बहुतेक वेळा उत्तर सोबत आलेला मुलगा किंवा सून देते. ‘वाचन सोडलंय त्यांनी आता. गोडीच राहिली नाही.’ माझा अनुभव असा की गोडी क्वचितच आपणहून जाते. वाचक आणि पान यांच्यामध्ये काहीतरी येऊन उभे राहिलेले असते. ते काय आहे हे ओळखण्यासाठी दवाखान्याइतकीच उपयोगी पडणारी एक जागा आहे. तिथे आज तुम्हाला घेऊन जायचे आहे.

पुण्यात बाजीराव रस्त्याने शनिवारवाड्याच्या दिशेने जाताना अप्पा बळवंत चौक लागतो. पेशवाईतील सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांचे नाव या चौकाला मिळाले; त्यांचे वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत कामी आले होते. आज मात्र हे नाव उच्चारले की कोणाला सरदार आठवत नाहीत, पुस्तके आठवतात. चौकाच्या चारही अंगांना आणि आतल्या गल्ल्यांत पुस्तकांची दुकाने आहेत. शालेय पुस्तके, वह्या, मार्गदर्शके, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, धार्मिक पोथ्या, कथा-कादंबऱ्या, कोश, चरित्रे असे सारे इथे मिळते. जूनमध्ये पालक आणि विद्यार्थ्यांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. आश्विनात ती गर्दी ओसरलेली असते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. आपल्या पिढीच्या पुणेकरांनी इथेच सातवीचे भूमितीचे पुस्तक निम्म्या किमतीला घेतले आणि वर्ष संपल्यावर इथेच विकले. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इथे आणणे म्हणजे त्याला त्याच्या ओळखीच्या जागी परत आणणे होय.

जाण्याची आखणी मात्र नीट करावी. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा आणि दुकाने उघडल्यावर लगेच, सकाळी दहा-साडेदहाला पोहोचावे. दुपारी काही दुकाने विश्रांती घेतात, हे पुण्याबाहेरच्या वाचकांना सांगायला नकोच! शिवाय आयुर्वेदाने शरदाला पित्तप्रकोपाचा काळ म्हटले आहे आणि ऑक्टोबरचे बारानंतरचे ऊन वृद्धांना खरोखरच सोसत नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी लवकर कमी होते आणि उभे राहिल्यावर घेरी येऊ शकते. पाण्याची बाटली सोबत हवी. मधुमेही व्यक्तीने न्याहारी करून, औषध वेळेवर घेऊन निघावे आणि पिशवीत थोडा खाऊ ठेवावा. वसुबारस जवळ आली की लक्ष्मी रस्त्याची खरेदी या भागावर लोटते. त्याच्या आधीच ही फेरी उरकलेली बरी.

स्वारगेट ते जिल्हा न्यायालय हा मेट्रोचा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाल्यापासून ज्येष्ठांना मध्यवर्ती पेठांत येणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मंडई स्थानकावर उतरावे, सरकत्या जिन्याऐवजी लिफ्टने वर यावे आणि तिथून रिक्षा करावी. अंतर फार नाही, पण पदपथ उंचसखल आहेत आणि वाहनांची वर्दळ मोठी. आणखी एक गोष्ट सोबतच्या माणसाने लक्षात ठेवावी. जुन्या दुकानांना रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या असतात. बायफोकल चष्मा लावून पायरी उतरताना नजर खालच्या, वाचण्याच्या काचेतून जाते आणि पायरीची कड पुसट दिसते. त्या क्षणी कोपराला आधार द्यावा.

आता दुकानात आलो आहोत. डोळे बाहेरच्या उन्हातून आतल्या सावलीला सरावेपर्यंत थोडे थांबा. वयानुसार या सरावाला जास्त वेळ लागतो. बसायला स्टूल मागून घ्या. कोणताही जुना दुकानदार ते आनंदाने देतो. वरच्या फळ्यांकडे मान उंचावून पाहणे, खालच्या फळीसाठी वाकणे आणि झटकन उठणे या तिन्ही हालचालींनी चक्कर येऊ शकते, म्हणून पुस्तके हातात आणून द्यायला सांगा. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात मास्क लावा. ही काळजी घरातली कपाटे झटकतानाही घ्यायची आहे.

मग काउंटरमागून प्रश्न येतो, ‘काय दाखवू, काका?’

हा प्रश्न साधा नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला दिवसभरात जे प्रश्न विचारले जातात ते आठवून पाहा. गोळी घेतली का? पोट साफ झाले का? गुडघा कसा आहे? जेवायला काय करायचे तेही बहुधा पथ्यावरून ठरते. कपडे दुसरे कोणी आणते, पैसे दुसरे कोणी देते, वेळ दुसरे कोणी ठरवते. हे सारे प्रेमापोटीच होते, तरीही निवड करण्याची जागा रोज थोडी थोडी आक्रसत जाते. पुस्तकाच्या दुकानात मात्र त्यांना आजाराबद्दल कोणी विचारत नाही. तिथे आवड विचारली जाते, आणि आवड असलेला माणूस हा रुग्णापेक्षा पुष्कळ मोठा असतो. म्हणून माझी तुम्हाला, विशेषतः काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, विनंती आहे की त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही देऊ नका. ‘त्यांना धार्मिक काहीतरी द्या’ असे परस्पर सांगू नका. त्यांना रहस्यकथा हवी असेल, क्रिकेटपटूचे आत्मचरित्र हवे असेल, किंवा चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलीच कादंबरी पुन्हा हवी असेल. थोडा वेळ जाऊ द्या. काही सुचत नसेल तर शांतपणे फळ्यांकडे पाहू द्या.

आणि या वेळी नीट निरीक्षण करा, कारण वाचनातला अडथळा इथे सहज दिसतो.

मुखपृष्ठावरचे मोठे नाव वाचता येते, पण आतला मजकूर वाचताना पुस्तक उजेडाकडे नेले जाते का? मग घरातला प्रकाश तपासा. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आपल्याला पुरेसा वाटणारा छताचा दिवा त्यांना अपुरा पडतो. खांद्यामागून पानावर पडणारा वाचनदिवा एवढ्यानेच कितीतरी जणांचे वाचन पुन्हा सुरू होते. शरदातली सकाळची, खिडकीशेजारची जागा तर फुकट मिळालेला उत्तम दिवा आहे. फक्त ऊन थेट पानावर नको.

पुस्तक लांब धरले जाते का? चष्म्याचा नंबर बदलला असेल. दिव्याभोवती वलये दिसतात, अक्षरे धुक्यातून पाहिल्यासारखी वाटतात, तर मोतीबिंदू असू शकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने पतीच्या निधनानंतर वर्तमानपत्रसुद्धा बंद केले होते. घरच्यांना ते दुःख वाटले आणि दुःख होतेही. पण दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदूही तितकेच खरे होते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी जवळचा चष्मा मिळाला आणि त्यांनी पहिल्यांदा मागितले ते शब्दकोडे. दुःख गेले नाही. पण ते सोबत घेऊन दुपार काढण्याचे साधन त्यांना परत मिळाले.

ओळी वाकड्या किंवा तुटक दिसतात, शब्दाचा मधलाच भाग पुसला जातो, अशी तक्रार असेल तर मात्र थांबू नका. पडद्याच्या मध्यभागाचा हा विकार असू शकतो आणि त्याच्या काही प्रकारांत लवकर उपचार केल्यास उरलेली दृष्टी वाचते. मधुमेहींनी तर तक्रार नसतानाही वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. पक्षाघातानंतर एखादी व्यक्ती ओळीची सुरुवात किंवा शेवट सतत चुकवत असेल, तर दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग गेलेला असण्याची शक्यता असते. समासावर रंगीत पट्टी ठेवून ओळीची कड शोधायला शिकवता येते. हात थरथरतात किंवा बोटे आखडली आहेत, तर अडथळा डोळ्यांत नसून पुस्तकाच्या वजनात आहे. त्यासाठी आपल्या घरातच उपाय आहे. पोथी ठेवायचे घडीचे लाकडी व्यासपीठ माळ्यावरून खाली काढा.

सारे अडथळे मात्र डोळ्यांत किंवा हातांत नसतात. पूर्वी रस असलेल्या प्रत्येक गोष्टीतून मन उडाले आहे, झोप बिघडली आहे, खाणे कमी झाले आहे आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, तर ते म्हातारपण नव्हे. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. पान उलटल्यावर मागचे विसरत असेल, गोष्टीचा धागा वारंवार तुटत असेल, तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसालाही पुस्तके वर्ज्य नाहीत. लहान कथा, ओळखीच्या ओव्या, जुन्या पुण्या-मुंबईच्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांना शांत करते. ‘हे तर कालच वाचलंत’ असे म्हणू नये.

हेही सांगितले पाहिजे की काहींचे वाचन परत येत नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही डॉक्टरला परत आणता येत नाही. अशा घरात पुस्तकाचे दुकान कशाला, असे वाटेल. पण पुस्तक हातात घेऊन त्याचे नाव विचारणारे, कागदाचा पोत बोटांनी पाहणारे आणि ‘हे घे, रात्री वाचून दाखव’ असे नातीला सांगणारे आजोबा मी पाहिले आहेत. निवडण्याचा अधिकार डोळ्यांबरोबर जात नाही. वाचून दाखवणाऱ्याने रोज पंधरा मिनिटे, ठरलेल्या वेळी, सावकाश आणि समोर बसून वाचावे. ऐकू कमी येत असेल तर ओरडण्याऐवजी खालच्या, स्पष्ट आवाजात. मराठी पुस्तकांच्या ध्वनिमुद्रित आवृत्त्या आता मोबाईलवर मिळतात आणि ई-पुस्तकात अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. मोठ्या टंकातली मराठी पुस्तके अजून कमी आहेत, म्हणून ही सोय उपयोगी पडते.

चौकातून निघण्यापूर्वी काउंटरवरच्या त्या रंगीत गठ्ठ्यांकडे पाहू. दिवाळी अंक यायला लागलेले असतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायला अंक ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात रुजली. ज्येष्ठ वाचकासाठी दिवाळी अंक हा फार सोयीचा प्रकार आहे. कथा आठ-दहा पानांत संपते, लेख मध्येच सोडला तरी चालतो, व्यंगचित्र कोणालाही दाखवता येते. थकणाऱ्या डोळ्यांना आणि लवकर दमणाऱ्या मनाला तो झेपतो. जाड अंक मांडीवर पेलत नसेल तर उशीवर ठेवून वाचावा. सलग वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेरच्या झाडाकडे थोडा वेळ पाहावे.

प्रत्येक अंक विकत घेणे निवृत्तिवेतनात बसत नाही. त्यासाठी चौकापासून जवळच, बुधवार पेठेच्या बाजूला, पुणे नगर वाचन मंदिर आहे. १८४८ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय पावणेदोनशे वर्षे वाचकांची सोय पाहत आले आहे. अनेक ग्रंथालये थोड्या वर्गणीत दिवाळी अंक पाळीपाळीने घरी नेऊ देतात. ग्रंथालयाच्या वर्गणीचा आणखी एक फायदा आम्हा डॉक्टरांना आवडतो. पुस्तक परत करायचे असते, म्हणून आठवड्यातून एकदा घराबाहेर पडावे लागते. ‘रोज फिरायला जा’ हा सल्ला न ऐकणारे कितीतरी जण ‘पुस्तक बदलायला’ आनंदाने चालत जातात.

आपण पुण्यात नसाल तरी ही फेरी चुकवू नये. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालये आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव आहे. मे २०१७ पासून तेथील घरे, शाळा, देवळे यांत वाचनाची दालने उघडली आणि ते पुस्तकांचे गाव झाले. पावसाळा सरल्यावर तिथली हवा मोकळी असते. घाटरस्त्याचा त्रास नसलेल्या आणि प्रकृती स्थिर असलेल्या ज्येष्ठांना एका दिवसाचा हा प्रवास जमू शकेल. संध्याकाळी गारठा पडतो, कानटोपी सोबत हवी. आणि यांतले काहीच शक्य नसेल, व्यक्ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर दुकानातून पाच-सहा मुखपृष्ठांची छायाचित्रे मोबाईलवर पाठवा आणि विचारा, ‘यातलं कोणतं आणू?’ चौक घरी आणता येतो तो असा.

शेवटी दोन शब्द सोबत आलेल्या व्यक्तीसाठी. तुम्ही दुकानात तासभर त्यांच्यासाठी उभ्या होतात. पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा, आधाराचा कोपर, सारे तुमच्याकडे होते. आता तुम्हीही स्टुलावर बसा आणि स्वतःसाठी एक पुस्तक निवडा. शुश्रूषेत महिनोन्‌महिने गुंतलेल्या माणसाचे वाचन सर्वांत आधी बंद होते आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांची दुपारची झोप लागल्यावर मिळणारा अर्धा तास प्रत्येक वेळी भांड्यांना किंवा मोबाईलला देऊ नका.

दसरा आणि वसुबारस यांच्यामधली एखादी सकाळ आजच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. निघण्याआधी जुना चष्मा स्वच्छ पुसून खिशात घाला आणि कोणते पुस्तक हवे आहे, हे त्यांनाच ठरवू द्या. दुकानात अक्षरे नीट दिसली नाहीत असे आढळले, तर तीही फेरी वाया गेली असे समजू नका. परतल्यावर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांची वेळ घ्या आणि निवडलेले पुस्तक तोवर उशाशी राहू द्या.